नवे टायर, टवके उडालेली चाकं

मंडळी, या पानावर आपण कोलेस्टेरॉल, मेडिकेअर, मुलांच्या कॉलेजचा खर्च असं बरंच काही वाचत असतो. आज मी गाडीच्या चाकांवर लिहिणार आहे. संपादकांनी विचारलं, "हे आरोग्यात घालू की अर्थात?" मी म्हटलं, कुठेही घाला. ५९७ डॉलर्सचा मामला होता म्हणून अर्थ, आणि जानेवारीच्या थंडीत रात्री रूट वनच्या कडेला मी आणि माझी लेक तासभर उभे होतो म्हणून आरोग्य. शिवाय या सगळ्या प्रकरणात माझं ब्लडप्रेशर किती चढलं, ते आमच्या घरचं मशीन जाणे.

त्या रात्रीपासूनच सुरुवात करतो. २०१९ च्या नोव्हेंबरात आमच्या जुन्या सिव्हिकला चार नवे टायर टाकले. घरी आल्यावर गाडी धुताना दिसलं की चाकांच्या नटांच्या भोकांभोवती रंगाचे टवके उडालेत, आतलं ॲल्युमिनियम चकाकतंय. मी सौ.ला दाखवलं. ती म्हणाली, "जाऊन सांगा त्यांना." मी म्हटलं, "जाऊ दे गं, दहा वर्षांची गाडी, कोण बघतंय चाकं!" हे 'जाऊ दे' मी आयुष्यात इतक्या वेळा म्हटलंय की त्याचे पैसे साठवले असते तर एव्हाना निवृत्त झालो असतो.

२०२० च्या जानेवारीत लेक न्यू ब्रन्सविकहून घरी एडिसनला येत होती. रूट वनवर टायर बसला. तिने फोन केला, मी पोचलो. जॅक लावायच्या आधी नट सैल करायचे, हे मला ठाऊक होतं. पाना लावला, जोर केला, नट हलेना. शेवटी पान्यावर उभा राहिलो, अगदी सगळं वजन टाकून. शेजारून ट्रक जात होते आणि प्रत्येक ट्रकसरशी गाडी हलत होती. लेक म्हणत होती, "बाबा, राहू द्या, खाली उतरा." अखेर टोइंगवाल्याला बोलावलं. त्याने पान्याला लांब पाइप अडकवून नट काढले. चौथ्या नटाला स्टडच तुटला.

घरी येऊन मी हिशेब केला. (हिशेबनीस माणूस, दुसरं काय करणार!) त्या गाडीच्या पुस्तकात नट किती जोराने आवळायचे ते छापलेलं होतं: ८० फूट-पाउंड. म्हणजे फूटभर लांबीच्या पान्याच्या टोकाला ८० पाउंड वजन टांगलं, तर जेवढा पीळ बसेल तेवढा. माझं वजन १६० पाउंड. फूटभराच्या पान्यावर मी उभा राहूनही नट हलला नाही, म्हणजे तो निदान दुप्पट जोराने आवळलेला होता. थोडा गंज धरला असेल, मान्य. पण दोन महिन्यांत एवढा? दुकानातल्या हवेच्या बंदुकीने, ज्याला इम्पॅक्ट गन म्हणतात, तिने ते नट कडकड आवळून टाकले होते. तिचाच दांडा भोकांच्या कडांवर आपटून टवके उडाले होते. मला दिसलेली खूण चाकाच्या शोभेची नव्हतीच. आत काय झालंय, त्याची ती सूचना होती आणि मी तिला 'जाऊ दे' म्हटलं होतं.

जादा आवळलेल्या नटाने स्टड ताणला जातो आणि कधीतरी तुटतो. ब्रेकची तबकडी वाकडी बसून ब्रेक दाबताना स्टिअरिंग थरथरायला लागतं. कमी आवळलेला नट तर आणखी वाईट; तो हळूहळू सुटतो आणि धावत्या गाडीचं चाक निसटू शकतं. म्हणूनच चाक काढून परत बसवलं की ५० ते १०० मैल चालवल्यावर नट पुन्हा एकदा तपासावेत, असं सांगतात. आपल्यापैकी किती जण तपासतात?

आता दुसरी गोष्ट. २०२४ चा दसरा १२ ऑक्टोबरला, शनिवारी होता. आमच्याकडे दसऱ्याला गाडीची पूजा होते. झेंडूचा हार, हळदकुंकू, चाकांखाली लिंबं, सगळं साग्रसंगीत. २०१५ सालच्या अकॉर्डचे फोटो मी चारही बाजूंनी काढले आणि पुण्याला भावाला पाठवले. बरोबर एका आठवड्याने, १९ तारखेला, हिवाळ्याच्या आधी टायर बदलावेत म्हणून एका टायरच्या दुकानात गेलो. दुकानाचं नाव लिहीत नाही. अशी दुकानं गावोगावी आहेत आणि माझं म्हणणं एका दुकानापुरतं नाही. शनिवारची गर्दी, बाहेर गाड्यांची रांग. दीड तासाने किल्ली हातात मिळाली. पैसे भरले, निघालो. अंधार पडला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन पडल्यावर पाहिलं, तर तीन चाकांच्या काठावर खाचा. नखाएवढ्या दोन आणि एक तर अंगठ्याएवढी. चौथ्या चाकावरही ओरखडा होता, पण तो माझाच, जुना, मंडळाच्या गणपतीला हॉलसमोर फुटपाथला चाक घासलं होतं त्याचा. नटांभोवतीही तेच ओळखीचे टवके.

इथे थोडं तांत्रिक सांगतो, कारण पुढे याच माहितीचा उपयोग झाला. टायर काढायच्या मशीनला दोन लोखंडी अवयव असतात. एक फावड्यासारखा, तो बाजूने दाब देऊन टायरची कड रिमपासून सोडवतो. दुसरा बदकाच्या चोचीसारखा, तो रिमच्या काठाशी ठेवून चाक फिरवतात आणि टायर वर येतो. अलॉय चाकं ॲल्युमिनियमची, लोखंडापुढे मऊ. म्हणून त्या चोचीला प्लास्टिकची टोपी असते. ती झिजली, फुटली आणि बदलली नाही की लोखंड थेट चाकाला लागतं. हाताने पहार लावताना मध्ये प्लास्टिकची पट्टी ठेवली नाही तरी तेच. टोपी अगदी स्वस्त वस्तू आहे. ती बदलायला पाच मिनिटंही लागत नसतील, पण शनिवारी रांग लागलेली असताना ती पाच मिनिटं काढायची कुणी?

फुटपाथची खूण आणि मशीनची खूण यांत फरक असतो. फुटपाथला घासलेलं चाक काठाकाठाने लांबवर खरवडलेलं दिसतं, एखाद्या भिंतीला हात घासावा तसं. मशीनची खाच आखूड, खोल आणि एकाच जागी असते. माझ्या तिन्ही चाकांवर ती व्हॉल्व्हपासून जवळपास सारख्याच अंतरावर होती, कारण काम करणारा प्रत्येक चाकाला एकाच जागेपासून सुरुवात करतो. आणखी एक गोष्ट सौ.च्या लक्षात आली. इथे आपण रस्त्याच्या उजव्या कडेला गाडी लावतो, तेव्हा फुटपाथला घासतात ती उजवी चाकं. आमच्या तीन जखमी चाकांपैकी दोन डावीकडची होती! हे मला सुचायला हवं होतं, पण सुचलं तिला. तेव्हा श्रेय तिचं.

रविवारी दुपारी दुकानात गेलो. निघताना सौ. म्हणाली, "अहो, प्रेशरची गोळी घेऊन जा." मॅनेजर सभ्य होता. चाकं पाहिली आणि म्हणाला, "हे आधीचंच असणार." मी फोन काढून दसऱ्याचे फोटो दाखवले, वर तारीख होतीच. त्याने फोटो मोठा करून पाहिला, पहिल्यांदा विचारलं, "ही लिंबं कशाला?" मी सांगितलं, गाडीला नजर लागू नये म्हणून. तो हसला आणि म्हणाला, मग काम झालेलं दिसत नाही. मलाही हसू आलं. त्याच फोटोत चौथ्या चाकावरचा माझा ओरखडाही स्वच्छ दिसत होता. तो त्याने बोट ठेवून दाखवला. मी म्हटलं, तो माझा आहे, त्याचे पैसे मी मागत नाही. त्यानंतर संभाषणाचा सूर बदलला, असं मला वाटतं. तीन चाकं माझ्या माथ्यावर नाहीत, हे पटवायला चौथं माझं आहे हे कबूल करणं उपयोगी पडलं.

तरीही त्याने पैसे कबूल केले नाहीत. एक ऑइल चेंज फुकट देतो म्हणाला. पुष्कळ लोक इथे मान डोलावतात. मी नाही म्हटलं, आणि दुकानात आवाजही चढवला नाही. आपल्याकडे दोन टोकं दिसतात. एक माझ्यासारखं, 'जाऊ दे'वालं. दुसरं, काउंटरवर उभं राहून "मी तुम्हाला एक तारा देईन, सगळ्या ग्रुपवर टाकीन" अशी धमकी देणारं. माझ्या मते दोन्ही आळसाचेच प्रकार. मधलं काम कंटाळवाणं असतं, ते म्हणजे कागद करणं.

कागद असा केला. आधी चाकं दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराकडे गेलो आणि लेखी अंदाज घेतला. दोन चाकांचं नुसतं घासून, भरून, रंगवून होणार होतं, प्रत्येकी १६० डॉलर्स. तिसऱ्याकडे पाहून त्याने मान हलवली. तिथली खाच टायर जिथे रिमला चिकटून बसतो त्या कडेपर्यंत गेली होती. हवा आठवड्यात तीन पाउंड उतरत होती, ते मी रोज सकाळी मोजलं होतंच. त्याने त्याच जातीचं दुरुस्त केलेलं चाक २४० डॉलर्सला सांगितलं. एकूण ५६०, त्यावर न्यू जर्सीचा ६.६२५ टक्के कर, म्हणजे ५९७ डॉलर्स १० सेंट. 'केवळ दिसायला वाईट' आणि 'वापरायला धोक्याचं' यातला फरक लेखी असणं फार महत्त्वाचं. आपल्या हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पडतं. उघड्या पडलेल्या ॲल्युमिनियमला ते लागलं की पांढरी बुरशीसारखी पूड धरते, रंग पापुद्र्यासारखा सुटतो आणि काठाशी हवा गळू लागते. तेव्हा आजचा टवका शोभेचा म्हणून सोडला, तर दोन-तीन हिवाळ्यांनी तो गळतीचा होऊ शकतो.

मग पत्र. एकच पान. कोणत्या तारखेला गाडी दिली, बिलाचा नंबर, आधीचे फोटो, नंतरचे फोटो, कारागिराचा अंदाज, मागणीची नेमकी रक्कम आणि उत्तरासाठी १४ दिवस. रागाचा एकही शब्द नाही. ते दुकानाला आणि त्यांच्या मुख्य कचेरीला सर्टिफाइड मेलने पाठवलं, पोच म्हणून परत येतं ते हिरवं कार्ड जपून ठेवलं. पत्राच्या शेवटी लिहिलं की उत्तर न आल्यास स्मॉल क्लेम्समध्ये जाईन.

ही धमकी पोकळ नव्हती. न्यू जर्सीत जुलै २०२२ पासून स्मॉल क्लेम्सची मर्यादा ५,००० डॉलर्स आहे. वकील लागत नाही, आपलं म्हणणं आपणच मांडायचं. आमच्या मिडलसेक्स काउंटीचं कोर्ट न्यू ब्रन्सविकला आहे. तारखेच्या दिवशी बहुतेकदा न्यायाधीशांपुढे जाण्याआधी समेटाचा प्रयत्न होतो. मालमत्तेच्या नुकसानीचा दावा करायला इथे सहा वर्षांची मुदत आहे, पण म्हणून सहा वर्षं थांबू नये. दुसऱ्याच आठवड्यात "मधल्या काळात कुठे घासलं असेल" असं ऐकावं लागतं. क्रेडिट कार्डाचाही एक मार्ग आहे. १९७४ च्या फेअर क्रेडिट बिलिंग ॲक्टप्रमाणे बिलातल्या चुकीबद्दल पहिलं स्टेटमेंट पाठवल्यापासून ६० दिवसांत बँकेला लेखी कळवायचं असतं. पण तो भांडणाचा पैसा म्हणजे बिलाचा पैसा. टायरचं बिल एक गोष्ट आणि चाकांचं नुकसान दुसरी. या दोन्हींची गल्लत मी केली नाही.

भिंतीवर 'चाकांच्या नुकसानीस आम्ही जबाबदार नाही' अशी पाटी असते, तिचं काय, असं एका मित्राने विचारलं. तुम्ही गाडीची किल्ली दुसऱ्याच्या हाती दिलीत, धड दिलीत आणि मोडकी परत मिळाली, तर मध्ये काय झालं ते सांगण्याची जबाबदारी ज्याच्या ताब्यात ती होती त्याच्यावर येते, हे जुनं तत्त्व आहे. पाटी पाहून परत फिरू नये. मात्र आपण सही करतो तो कागद वाचावा. मी वाचला नव्हता.

आता ज्या गोष्टीने मला खरंच दोन रात्री झोप लागली नाही ती सांगतो. पत्र टाकायच्या आदल्या रात्री सौ. म्हणाली, "त्या मुलाच्या पगारातून कापतील हो." माझ्या गाडीवर काम करणारा पोरगा वीस-बावीसचा होता. बहुधा नुकताच या देशात आलेला. हात काळे, जेवणाचा डबा मशीनशेजारच्या खुर्चीवर तसाच. मला माझे इथले पहिले दिवस आठवले. आम्ही दोघं बराच वेळ बोललो. मग मी शोधलं. न्यू जर्सीच्या वेतन कायद्यात मोडतोडीचे पैसे कामगाराच्या पगारातून कापायला मालकाला मुभा नाही. ते वाचून पत्र टाकलं, पण त्यात एक ओळ वाढवली: माझी तक्रार काम करणाऱ्या मुलाबद्दल नाही, मशीनवरच्या झिजलेल्या टोप्या आणि नट आवळायच्या पद्धतीबद्दल आहे. ते माझं मतही आहे. शनिवारी दर वीस मिनिटांना एक गाडी बाहेर काढायची असं ठरवणारा माणूस काउंटरमागे असतो, मशीनपाशी नसतो.

अकराव्या दिवशी मुख्य कचेरीतून फोन आला. पूर्ण रक्कम देतो म्हणाले, एका कागदावर सही करा. कागदात लिहिलं होतं की या गाडीवरच्या कामाबद्दल आता आणि पुढे माझी कसलीही मागणी राहणार नाही. इथे थांबलो. चाकांच्या काठांबद्दल सही करायला तयार होतो. पण नट आणि स्टड? रूट वनची रात्र आठवली. मी कळवलं की सही फक्त तीन चाकांच्या काठाच्या नुकसानीपुरती करीन. दोन दिवस गेले, सुधारलेला कागद आला, त्यावर सही केली आणि ५९७ डॉलर्स १० सेंटचा चेक मिळाला.

मला कुणी विचारतं, एवढ्यासाठी इतका खटाटोप? केसाएवढा चरा असता तर मीही केला नसता, खरंच. हवा गळते का, नट हाताने सुटतो का, हे दोन प्रश्न मी आधी विचारतो. दोन्हींचं उत्तर ठीक असेल तर मग खुशाल 'जाऊ दे' म्हणावं. वेळेलाही किंमत असते. पण उत्तर ठीक नसेल, तर गप्प बसण्यात मोठेपणा नाही.

त्यानंतर मी सवयी बदलल्या. दुकानाच्या आवारातच, किल्ली देण्याआधी, चारही चाकांचे फोटो काढतो आणि मॅनेजरला ते दिसेल असं बघतो. नुसतं ते पाहूनही हात सावध होतात. 'नट टॉर्क रेंचने हाताने आवळा' हे काम लिहून घेतात त्या कागदावरच लिहायला सांगतो. परत घेताना उजेडात, निघण्याआधी चाकं पाहतो. अंधारात गाडी घ्यायची नाही. टायरवरचा डीओटी क्रमांकही बघतो, शेवटचे चार आकडे म्हणजे बनल्याचा आठवडा आणि वर्ष. 'नवा' म्हणून तीन वर्षं गोदामात पडलेला टायर मिळू नये. ज्यांच्या गाडीत चाकाच्या आत हवेच्या दाबाचा सेन्सर आहे, त्यांनी गाडी सुरू करून पिवळा दिवा लागलेला नाही ना, हेही तिथेच पाहावं; टायर काढताना सेन्सर मोडतो आणि त्याचं बिल नंतर आपल्याच गळ्यात येतं. माझ्या अकॉर्डमध्ये तो सेन्सर नाही, पण नवे टायर टाकल्यावर दाबाची नोंद पुन्हा करावी लागते. दुकानदार विसरला होता, मी घरी पुस्तक उघडून केली.

आणि एक टॉर्क रेंच विकत घेतला. ८० वर लावला की तेवढा जोर झाला 'टक्' असा आवाज येतो. लेकीला ड्राइव्हवेवर उभं करून पाचही नट सोडायला आणि ताऱ्यासारखे आलटून पालटून आवळायला शिकवले. पहिल्यांदा तिला दहा मिनिटं लागली.

चेक घ्यायला गेलो तेव्हा मशीनच्या चोचीवर नवी कोरी टोपी होती. तो पोरगा दिसला नाही. मी विचारलं, तर मॅनेजर म्हणाला, दुसऱ्या शाखेत गेलाय. खरं असेल. मी आणखी विचारलं नाही, विचारायला हवं होतं असं आता वाटतं.

२०२५ चा दसरा २ ऑक्टोबरला झाला. गाडीची पूजा झाली, लिंबं ठेवली, चारही बाजूंनी फोटो काढले. तीन चाकं चकचकीत आहेत. चौथं मी अजून दुरुस्त केलेलं नाही.